पिवळं दाबायचं

१

नवा फोन आला की जुना माहेरी जातो. आमच्या भागात आता ही रीतच पडली आहे. आधी साड्या जायच्या, मग मिक्सर, मग टीव्ही, आणि आता फोन. माझा फोन सारखा अडकायला लागला तेव्हा माझे मिस्टर रामप्रसाद म्हणाले, "तुला नवा घेऊ, हा तुझ्या आईला देऊन टाक." त्यांचं माजलगावात ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि मी एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला आहे. दिवाळी तोंडावर आली होती, म्हटलं चला, भाऊबीज नाही तर निदान आईबीज तरी होईल.

मोबाईलच्या दुकानात इरशादभाईंनी दोन्ही फोन काचेवर शेजारी शेजारी ठेवले. "वायर-बियर कायबी लागत न्हाई भाभी," ते म्हणाले. "तुमचा ईमेल टाका, पासवर्ड टाका, न् चा प्या. समदं हवेतून येतंय."

चहा येईपर्यंत खरंच सगळं आलं. आधी मेल, मग नंबर, मग कॅलेंडर. कॉलेजच्या मीटिंगा, गॅसचा नंबर, पार्लरवाली, सगळं जिथल्या तिथे. मग फोनने माहेरच्या शेजाऱ्यांबद्दल विचारलं की 'शहादेवकाका' आणि 'शहादेव टायरगाडी' ही एकाच माणसाची नावं दिसतात, एकत्र करायची का. इरशादभाईंनी मला न विचारताच 'हो' दाबलं. "एका मानसाला दोन नावं कशाला? एक ठिवलं की झालं."

मला जरा टोचलं, कारण मला स्वतःला दोन नावं आहेत. आईवडील ऊस तोडायला गेले असताना कारखान्यावर पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, मी जन्मले, म्हणून साखरा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने रामप्रसादांनी 'करिष्मा' लिहिलं. साखरा म्हटलं की चहात टाकायची वस्तू वाटते म्हणे. मग आधार बदललं, पॅन बदललं, बँक बदलली. पण बारावीच्या फॉर्मसाठी माहेरच्या, नांदूरघाटच्या कॅफेवाल्या चाँदभाईंनी काढून दिलेला ईमेल कोण बदलत बसणार? त्यात साखरा तशीच राहिली. रामप्रसादांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांचा फोनही माझ्याच ईमेलवर चालतो.

"जुन्या फोनातून तुमचं खातं काढून टाकू का?" इरशादभाईंनी विचारलं.

"राहू द्या. आईला सगळ्यांचे नंबर आयते मिळतील."

"ऱ्हाऊ द्या तर ऱ्हाऊ द्या. पर ध्यानात ठिवा, तिकडं कुनी कायबी केलं तर इकडं दिसल. न् तुमी केलं ते तिकडं."

"तिकडं कोण काय करणार? आमची आई अंगठेबहाद्दर आहे," मी म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो.

२

आई नांदूरघाटला एकटी राहते. वडील गेले, मी एकुलती एक. घर म्हणजे पुढे एक खोली, मागे चुलीची खोली, वर पत्रे. मधल्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा. लेकीच्या घरी राहायचं म्हटलं की आईचा चेहरा कारल्यासारखा होतो, त्यामुळे मी तो विषय सोडून दिला होता. पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. माणूस सावलीसारखा दिसायचा, रंग तेवढे कळायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आणखी वेळ घालवला तर नजर परत येणार नाही. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तारीख मिळाली होती, आणि ऑपरेशननंतर माजलगावला राहायला आई कशीबशी कबूल झाली होती.

मी तिच्यासमोर बसून ते नव्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकलं. 'आईचं डोळ्याचं ऑपरेशन, सोबत मी.' जुन्या फोनवरही ते लगेच उमटलं.

मग तिला फोन शिकवला. माझा नंबर 'लेक' या नावाने ठेवला आणि त्यावर माझा पिवळ्या साडीतला फोटो लावला. तो पहिल्याच पानावर मोठा दिसत होता.

"हे पिवळं दिसतंय ना माय? हे दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"पिवळं दाबायचं," आईने शाळेतल्या पोरीसारखं घोकलं. मग माझा हात चाचपून म्हणाली, "हात लई मऊ झाले गं तुझे, साखरा. भाकरी करतीस का न्हाई?"

"पोळ्या खातात आमच्याकडे," मी म्हणाले. तिला ते आवडलं नाही.

धनत्रयोदशीला निघताना शेजारच्या शहादेवकाकांना सांगून आले की तुमच्या सुनेला आईकडे लक्ष ठेवायला सांगा; या वर्षी तोडीला जाणार नाही, असं ते म्हणत होते. फोन देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, चार्जरला लावून ठेवला.

३

दिवाळी झाली, कॉलेज सुरू झालं. एका सकाळी कॅलेंडर उघडलं तर प्राचार्यांच्या मीटिंगच्या वर एक ओळ होती. 'आईला न्हाऊ घातलं.'

मला आधी हसू आलं. शहादेवकाकांची सून दहावी झालेली आहे. कामाचा हिशोब मला दिसावा म्हणून लिहिते आहे, म्हटलं हुशार बाई आहे. दुसऱ्या दिवशी 'चूल सारवली' आलं. मग 'आईची वेणी घातली'. मग 'पत्र्यावर दगड ठेवले, वारं लई'. मी रामप्रसादांना कौतुकाने दाखवलं. "तिला एखादी साडी घे," ते म्हणाले.

त्यानंतर लक्षात आलं की ऑपरेशनची नोंद गेली आहे.

चुकून कुठेतरी बोट लागलं असेल असं म्हणून मी ती परत टाकली. दुपारी पाहिलं तर नव्हती. संध्याकाळी स्वयंपाक करताना पुन्हा टाकली, आणि या वेळी फोन ओट्यावर उघडाच ठेवून कणीक मळत राहिले. नोंद होती. मग माझ्या डोळ्यांसमोर ती ओळ पुसली गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. 'आईला घाई न्हाई.'

कणकेच्या हातांनीच मी फोन पालथा ठेवला. मला राग आला होता, भीती नाही. काकांची सून झाली म्हणून काय झालं, माझ्या आईच्या डोळ्यांचं ठरवणारी ही कोण?

४

मी आईला फोन लावला. तिला तो कानाशी धरता येत नाही म्हणून स्पीकरवरच ठेवलेला असतो. त्यामुळे घरातलं सगळं ऐकू येतं. पत्रा कुरकुरत होता आणि मागे एक सारखा थापण्याचा आवाज येत होता. थप, थप, थप, मग थोडं थांबून पुन्हा.

"माय, ती शहादेवकाकांची सून आहे ना तिथे? दे तिला."

"कोन सून?"

"भाकरी करतेय ती."

आई हसली. फार दिवसांनी तिला असं मोकळं हसताना ऐकलं. "कावून चेष्टा करतीस गं? तूच तर करायलीस. का मला ठार आंधळी समजलीस?"

थापण्याचा आवाज थांबला. आईही गप्प झाली, जणू कोणीतरी तिच्या तोंडावर हात ठेवला. मग फोन बंद झाला.

म्हातारपणात माणसं भ्रमिष्ट होतात, हे मला माहीत आहे. आमच्या ऑफिसातल्या शिपायाची आई त्यालाच सासरा समजून डोक्यावर पदर घ्यायची. मी स्वतःला हेच सांगत शहादेवकाकांना फोन लावला. पलीकडे गाड्यांचा आवाज होता, बैलांच्या घुंगरांचा, कोणाच्या तरी ओरडण्याचा.

"काका, सुनेला द्या जरा."

"ती हितं मोळ्या बांधायलीय की. का गं?"

"कुठं?"

"कारखान्यावर. आमी समदे पाडव्यालाच निगालो पोरी, मुकादमानं ट्रक आनला न्हवं का. निघायच्या गडबडीत तुला सांगायचंच ऱ्हायलं." ते थोडं थांबले. "कावून, तू हाईस न्हवं आईपाशी? म्या निगालो तवा पडद्याआड दिसलीस की. म्या हाक बी मारली तुला."

मी काहीतरी बोलले आणि फोन ठेवला. काय बोलले ते आता आठवत नाही.

५

रामप्रसाद सरळ माणूस आहे. बिघाड झाला की पार्ट बदलायचा, एवढंच त्यांना कळतं. "गावातलं कुणीतरी म्हातारीला एकटी बघून घुसलंय," ते म्हणाले. "पासवर्ड बदल. ऑपरेशन दोन-तीन दिवसांवर आलंच आहे, तेव्हाच तिला घेऊन ये, मग त्या घराला कुलूप लावू." हे ऐकून मला बरं वाटलं. त्यांचं बोलणं नेहमी असं खणखणीत असतं.

इरशादभाईंकडे जाऊन मी पासवर्ड बदलला. जन्मतारीख वगैरे काही ठेवली नाही. लहानपणी कारखान्यावर मी एका चिंधीच्या बाहुलीला जे नाव दिलं होतं ते टाकलं. ते मी आजवर कोणालाही, आईलासुद्धा, सांगितलेलं नव्हतं.

"आता तिकडचा फोन भाईर फेकला गेला," इरशादभाई म्हणाले. "कुनी असू द्या तिकडं, आता कायबी करता येत न्हाई." त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन उघडला. मी पाकिटात पैसे शोधत होते. तेवढ्यात काचेवरचा माझा फोन वाजला. त्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"भाभी, जुना फोन परत आत आला. पासवर्ड बरुबर टाकलाय. पयल्याच टायमाला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आईला सांगितलता का तुमी?"

मी नाही म्हणाले. पैसे त्यांनी घेतले नाहीत. फोनही पुन्हा हातात घेतला नाही, काचेवरून बोटाने माझ्याकडे सरकवला.

दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी नंबर तपासले. 'लेक' होती, पण तिच्यावर आता माझा पिवळा फोटो नव्हता. काळोखा फोटो होता, चुलीच्या खोलीतला. त्यात जाळाच्या उजेडात एक पाठ आणि पाठीवर कमरेच्या खाली जाणारी वेणी दिसत होती. लग्नाआधी माझी वेणी तेवढी होती. माजलगावला पाणी खारट म्हणून केस गळायला लागले, तेव्हा मी कापून टाकले. 'लेक'चा नंबर होता जुन्या फोनमधल्या आईच्या सिमचा.

माझा नंबर खाली वेगळा होता, फोटो नसलेला. त्यावर नाव होतं 'पाहुणी, माजलगाव'.

आई गेल्या काही दिवसांत एकदाही मला फोन का करत नव्हती, ते मला तिथे कळलं. दाबायला पिवळं काही उरलंच नव्हतं.

६

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी निघाले. रामप्रसाद येतो म्हणाले होते, पण हंगामात ट्रॅक्टरवाले दुकान सोडू देत नाहीत. "पोचलीस की मीच फोन करतो," ते म्हणाले. केजला गाडी बदलून दुपारी नांदूरघाटला उतरले.

आमच्या गल्लीत हंगामात कोणी राहत नाही. एकामागून एक कुलुपं, दारापुढे वाळलेला पाला, एका ओट्यावर कोणीतरी विसरलेली दिवाळीची पणती. आमच्याच दारापुढे तेवढा सडा टाकलेला होता. ओला होता अजून. रांगोळीही होती, आणि ती रांगोळी मी ओळखली, कारण तिची एक पाकळी नेहमी चुकते. मला ती कधीच सरळ काढता आली नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. आई खाटेवर बसली होती. धुतलेलं लुगडं, तेल लावून घातलेली वेणी, अंगावर चांगलं मांस आलेलं. इतकी नीटनेटकी ती मी वर्षानुवर्षं पाहिली नव्हती. मला गलबलून आलं. पडद्यामागे भाकरी थापली जात होती.

"माय," मी म्हणाले. "चल. अंबाजोगाईला जायचंय."

तिने चेहरा माझ्या आवाजाकडे वळवला. हात पुढे केला, मी माझा हात दिला. तिने बांगड्या चाचपल्या, तळवा चाचपला, बोटं एकेक करून दाबली. मग हात हळूच माझ्याकडे परत सरकवला, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा.

"बसा बाई," ती म्हणाली. "कुनाकडच्या म्हनायच्या तुमी?"

"माय, मी आहे. साखरा."

"साखरा आत हाय," आई समजुतीच्या सुरात म्हणाली. "तिचे हात असे न्हाईत. चा टाकील ती तुमाला. बसा."

७

माझ्या हातातला फोन वाजला. 'लेक' आणि 'पाहुणी, माजलगाव' ही एकाच व्यक्तीची नावं दिसतात, एकत्र करायची का, असं त्याने विचारलं.

त्याच क्षणी देवळीतला जुना फोन उजळला. मी उभी होते तिथून मला पडदाही दिसत होता आणि तो फोनही. तोच प्रश्न त्याच्या काचेवर आला असणार हे मला माहीत होतं. मी घाईघाईने माझ्या फोनवर 'नाही' शोधायला लागले. बोट नीट लागेना.

थापण्याचा आवाज थांबला.

पडद्याच्या कडेने एक हात बाहेर आला. पिठाने भरलेला, बांगडी नसलेला, बोटांना घट्टे पडलेला. मनगटावर तुळशीचं गोंदण होतं. माझ्याही मनगटावर ते आहे, बांगड्यांखाली. केजच्या बाजारात आईने मला मांडीवर धरून ते गोंदवून घेतलं होतं आणि मी रडून रडून तिच्या खांद्याला चावले होते. हात देवळीपर्यंत गेला, एक बोट काचेवर टेकलं, आणि फोन उचलून आत गेला.

माझ्या फोनवरचा प्रश्न नाहीसा झाला. 'दुसऱ्या फोनवरून एकत्र केले', एवढं दिसलं.

लगेच पडद्यामागे फोन वाजायला लागला. रामप्रसादांनी पोचलीस का विचारायला केला होता. त्यांच्या फोनमध्येही माझंच खातं, माझेच नंबर, आणि माझ्या नावावर आता आईच्या सिमचा नंबर लागला होता. माझा फोन माझ्या हातात गप्प होता.

"करिष्मा, पोचलीस का?" स्पीकरवर त्यांचा तो खणखणीत आवाज आला.

मी तोंड उघडलं. पण उत्तर आतून आलं. "हो, पोचले. आईला घेऊन निघतेच आता. ऑपरेशन झालं की तिला घरीच आणते." गावचा एक शब्द नव्हता. मी ऑफिसात बोलते तसं, मी रामप्रसादांशी बोलते तसं.

"बरं. नीट या," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांना काहीच वेगळं वाटलं नाही.

मी ओरडायला हवं होतं. पडदा फाडून आत जायला हवं होतं. माझी आई होती ती. पण मी भ्याले, हे सरळ सांगते. आई खाटेवरून उठली, भिंत धरत पडद्याकडे गेली. तिथे कोणीतरी तिचा हात धरला, आणि तिचा चेहरा असा निवांत झाला की मला तो बघवेना.

"आमी निगतोय बाई," पडद्याआडून आई म्हणाली. "कडी तेवढी लावून घ्या."

मागचं दार वाजलं. मग माझे पाय सुटले. मी पुढच्या दारात धावले तेव्हा त्या दोघी गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या. उन्हात आईचं पांढरं लुगडं, आणि तिला धरून चालणारी पिवळी साडी. ती माझी पिवळी साडी होती, माजलगावच्या कपाटात घडी घालून ठेवलेली. पाठीवर वेणी नव्हती. केस माझ्यासारखे, मानेपर्यंत कापलेले होते.

"माय!" मी हाक मारली.

आई वळली नाही. दुसरी वळली. अर्धीच. कानातलं माझं, गाल माझा, हनुवटीवरचा तीळ माझा. एवढंच दिसलं. ती उरलेली वळायला लागली तेव्हा मी मागे सरले आणि दार लावून घेतलं. कडी लावली, आतून.

दाराला पाठ लावून मी तिथेच खाली बसले. चुलीवर टाकलेली भाकरी करपत होती आणि ती उलटायला कोणी नव्हतं. हातातला फोन एकदा थरथरला. इतक्या वेळा पुसली गेलेली नोंद आता आपोआप परत आली होती, तारखेसकट, माझ्याच शब्दांत. डोळ्यांवरची पट्टी सुटल्यावर आईला आता समोर माझाच चेहरा दिसणार होता.

'आईचं डोळ्याचं ऑपरेशन, सोबत मी.'